तांबूचा गुडघा आणि माझा

हे लिहा असं मला आमच्या गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. "विसाप्पा, आम्ही सांगितलेलं लोक ऐकत नाहीत. तुम्ही भोगलंय, तुमचं ऐकतील," असं ते म्हणाले. यात त्यांचा काय फायदा असेल याचा मी दोन दिवस विचार केला. काही सापडलं नाही, तेव्हा पोरीची जुनी वही घेऊन बसलो.

एवढ्यावरून माझा स्वभाव कळला असेल. नाव विश्वनाथ, गावात विसाप्पा म्हणतात. अहमदपूर तालुक्यात आमची शेती. मी संशयी माणूस आहे. दुकानदारानं वजनाला चार शेंगदाणे जास्त टाकले तरी मी ते निवडून बघतो. माझ्या या आजारपणात मी सगळ्यांवर संशय घेतला. ज्याच्यावर घ्यायला हवा होता तो सोडून.

खरेदी

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमचा तालुका उस्मानाबादेतून निघून लातुरात आला आणि त्याच वेळी पावसानं पाठ फिरवली. गावात लोक गमतीनं म्हणायचे की जिल्हा इकडं आला पण पाऊस जुन्याच जिल्ह्यात राहिला. मला ती गंमत वाटत नसे. मला त्यात काहीतरी असावं असं वाटे.

लोक जनावरं काढत होते. आमच्या विहिरीला तळाशी का होईना पाणी होतं आणि कडब्याची एक गंजी शिल्लक होती. म्हणून मी लोह्याच्या बाजारातून एक लाल कंधारी गाय घेतली. सहा महिन्यांची गाभण, अंगानं तांबडीलाल, डोळे मोठे. नाव ठेवलं तांबू.

घेताना मी तिला किती तपासलं म्हणून सांगू! दात बघितले, कास बघितली, चालवून बघितली, पळवून बघितली. विकणारा म्हणाला, "वैरण न्हाई म्हणून इकून राहिलो, न्हाईतर घरची लक्ष्मी कोन इकतं?" त्याचे डोळे भरलेले दिसले, तर मला वाटलं हा जरा जास्तच रडतोय. मी गाईच्या डोळ्याला हात लावून बघितला, शेपटी वर करून बघितली. शेवटी तोच वैतागून म्हणाला, "मामा, घ्याची हाय का सोयरीक जमवाची हाय?"

जे बघायला हवं होतं ते हातानं किंवा डोळ्यानं कळणारं नव्हतं. ते तिच्या रक्तात होतं. त्यालाही ते ठाऊक नसावं, असं मला आता वाटतं. त्या वेळी मात्र पुढं वर्षभर मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

वडाचं झाड

सव्वा महिन्यानं तांबूनं गाभ टाकला. सात महिन्यांचं वासरू, मेलेलंच पडलं. वार काही पडेना. वार म्हणजे वासरामागून पडणारी पिशवी. ती आत राहिली तर गाय जाते. दुसऱ्या दिवशी माझा धाकटा भाऊ मन्मथ यानं गाईची शिंगं धरली आणि मी कोपरापर्यंत हात घालून वार ओढून काढली. हाताला चार दिवसांपूर्वी विळा लागला होता, त्याची खपली ओली होती. ते सांगण्यासारखं आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

आमच्याकडं एक रीत आहे. गाय व्याली की वार गवतात गुंडाळून, पोत्यात बांधून चीक गळणाऱ्या झाडाला, शक्यतो वडाला, उंच टांगायची. म्हणजे गाय भरपूर पान्हवते. पण गाभ टाकलेल्या गाईची वार कुणी टांगत नाही, ती पुरतात. मन्मथ तेच म्हणाला.

"दादा, ही पुरून टाक. लांब खड्डा घे अन् वर काटे टाक."

झालं. माझ्या डोक्यात किडा वळवळला. आमची विहीर सामाईक, बांध सामाईक, गोठ्याची मधली भिंत सामाईक. माझ्या गाईला दूध येऊ नये असं याला का वाटतंय? मी म्हणालो, "तुला काय करायचंय? मी बांधणार."

ती वार पोत्यात घालून मी खांद्यावर टाकली आणि गावाबाहेरच्या वडापर्यंत चालत नेली. वाटेत पोत्यातून पाणी गळून माझी पाठ आणि सदरा भिजला. वडावर चढलो, बांधली, खाली उतरलो आणि तिथंच बसून तंबाखू मळली. हात धोतराला पुसले होते, एवढीच काय ती स्वच्छता. पाणी वाया घालवायचे ते दिवस नव्हते.

तांबूनं दूध दिलं, थोडं पण दिलं. मी मन्मथकडं बघून मिशीत हसायचो. रीत खरी ठरली असं मला वाटत होतं.

गोळा

पंधरा दिवसांनी तांबूच्या पुढच्या डाव्या गुडघ्यावर गोळा आला. आधी लिंबाएवढा, मग नारळाएवढा. दाबला तर मऊ, आत पाणी खेळायचं. ती पाय टेकवायची पण दुमडायची नाही. बसताना आधी मागचा भाग टेकवायची आणि मग पुढचं अंग धपकन टाकायची. उठताना तिचं कण्हणं ओसरीपर्यंत ऐकू यायचं.

मी मन्मथलाच पकडलं. "तूच काठी हाणली असशील. तुझ्या कडब्याला तोंड लावलं असंल तिनं."

"दादा, मायची आन, म्या हात न्हाई लावला," तो म्हणाला. त्यानं आन घेतली म्हणून माझा संशय आणखी पक्का झाला.

मग इलाज. बिब्बा घातला, कातडी सोलली, गोळा तसाच. शेवटी शेजारच्या गावचा डागणारा आणला. त्यानं लोखंडी सळई लाल केली आणि गोळ्यावर आडव्या तीन, उभ्या दोन रेघा ओढल्या. तांबूनं जो हंबरडा फोडला तो मला अजून ऐकू येतो. आमच्या घरातली, पार्वती, दारातच कानावर हात ठेवून खाली बसली. मी म्हणालो, "जनावर आहे, उद्या विसरून जाईल." गोळा काही गेला नाही.

पार्वतीच्या कटकटीमुळं अखेर अहमदपूरहून गुरांचे डॉक्टर बोलावले. तरुण माणूस, नवीनच आलेला. त्यानं गुडघा बघितला, गाभ टाकल्याचं ऐकलं आणि परत एकदा गुडघा चाचपला. मग म्हणाला, "हा नुसता गुडघ्याचा रोग वाटत नाही. मी रक्त तपासायला पाठवतो. तोवर दूध उकळल्याशिवाय कुणी पिऊ नका."

मी विचारलं, "उकळल्याशिवाय का न्हाई?" तो म्हणाला, "तपासणी आल्यावर सांगतो." न सांगण्यासारखं काय असतं? दूध पिऊ नका म्हणजे डेअरीला घाला, असं तर नाही ना? मी मान डोलावली आणि मनातून त्याला वजा केलं.

त्या रक्ताच्या बाटलीचं पुढं काय झालं तेही ऐका. जुन्या जिल्ह्यानं कळवलं की तुम्ही आता आमच्यात नाही. नव्या जिल्ह्यात अजून खुर्च्या लागत होत्या. बाटली मधल्या मधे नासली. डॉक्टर बिचारा दुसऱ्यांदा रक्त घ्यायला आला तर मी त्याला गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही. पहिल्याचा निकाल आला नाही म्हणजे गाय चांगली आहे, असं माझं गणित होतं.

धारोष्ण

याच सुमारास माझी मुलगी महानंदा माहेरी आली. पहिलटकरीण. सासरी पाण्याचे हाल, म्हणून सातव्याची वाट न बघता पाचव्या महिन्यातच आणली. माझी एकुलती एक. तिचा चेहरा पिवळा पडलेला बघून मी हुकूमच काढला. दोन्ही वेळेला तांबूचं धारोष्ण दूध, पेला भरून, माझ्यासमोर प्यायचं.

माझे वडील शेवटपर्यंत धारोष्ण दूध प्यायले आणि म्हातारपणीही बैल आवरायचे. उकळलं की दूध मरतं, असं ते म्हणत. मी स्वतः गोठ्यातच लोटा तोंडाला लावायचो. नंदाचा पेला पार्वती आतून आणायची. मी फेस बघायचो. फेस असला की दूध ताजं, हा माझा हिशेब.

पण त्या दुधात काहीतरी खोट होती. फेस मोठ्या बुडबुड्यांचा असायचा आणि लगेच बसायचा. मी पार्वतीला विचारलं, "पाणी घातलंस का?" ती रिकामा पेला घेऊन आत गेली. मग मी पाळत ठेवली. मागच्या परसात, चूल नसलेल्या ठिकाणी, तीन दगड काळे झालेले दिसले. गोवऱ्या लवकर संपत होत्या. एकदा घराला करपल्या दुधाचा वास आला. ही चोरून साय काढून तूप कढवते आणि उदगीरला भावाकडं पाठवते, असा मी निष्कर्ष काढला. तिचा भाऊ दोन वेळा येऊन गेला होता, पुरावा आणखी काय हवा?

एक दिवस पार्वतीनं माझा लोटाही आतून भरून आणला आणि ते दूधही सपक लागलं. मी तो लोटा भिंतीवर फेकून मारला. "माझ्या घरात माझ्याच दुधात चोरी?" पार्वतीनं खाली वाकून लोटा उचलला आणि पदरानं भिंत पुसली. नंदा आत रडत होती.

दिवसा पैलवान

याच दिवसांत मला ताप यायला लागला. तो मन्मथच्या मते नाटकी होता. त्याचं चुकलं नाही. सकाळी मी धडधाकट असायचो. दिवस कलला की अंगात थंडी भरायची, हाडं ठणकायची, मग घाम फुटून सदरा पिळावा लागायचा. आठ दिवस असं चाले, मग चार दिवस काहीच नाही. मग परत. विहिरीतला गाळ काढायचं ठरलं त्या दिवशी नेमकी माझी कंबर धरली.

"काम निघालं की कंबर धरतीच दादाची," मन्मथ लोकांत म्हणाला. मी ते ऐकलं आणि जपून ठेवलं.

महिन्याभरात उजवी बाजू कंबरेपासून गुडघ्यापर्यंत आखडली. गुडघा सुजला. पाय दुमडेना. एक दिवस ओसरीवर बसायला गेलो तर आधी मागचा भाग टेकवला आणि मग धपकन अंग टाकलं. समोर गोठ्यात तांबू उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मला त्या जनावराचासुद्धा राग आला.

गावातल्या डॉक्टरनं हिवतापाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं विषमज्वर म्हणून इंजेक्शनं दिली. तिसरा म्हणाला वाताचा आजार आहे. तिघांची तीन मतं, म्हणजे तिघांनाही काही येत नाही असं मी धरलं. मग शेजारच्या म्हातारीनं पिल्लू सोडलं की हे करणीचं आहे, घरातलंच कुणीतरी आहे. मी रात्रंदिवस मन्मथच्या बायकोच्या पदराकडं बघत बसलो. दोन महिन्यांत माझं वजन एवढं उतरलं की धोतराच्या निऱ्या दुप्पट घ्याव्या लागत. गळ्यातल्या लिंगाचा दोरासुद्धा लांब वाटायला लागला.

एका सकाळी मन्मथ न विचारता आत आला, मला पाठीवर घेतलं आणि एसटीत नेऊन घातलं. "कुठं नेतोस?" "नांदेडला." "कशाला?" "इकायला," तो म्हणाला. लोह्याच्या पुढं गाडीत लोक हसले. मी नाही हसलो. पण त्याची मान घामानं भिजली होती आणि ती माझ्या गालाला लागली होती, हे मी विसरलो नाही.

नांदेड

मोठ्या दवाखान्यात खाट मिळाली. सकाळी थर्मामीटर, मग चहा, मग सुई, मग झाडूवाली, मग डॉक्टर लोकांची फेरी. दुपारी आप्तांचे डबे. संध्याकाळी माझा ताप, अगदी वेळेवर. मन्मथ खाली फरशीवर झोपायचा आणि गुरुद्वाऱ्यात लंगरला जाऊन जेवून यायचा. फुकट का वाढत असतील, असं मी विचारलं तर तो म्हणाला, "दादा, जेवनारा इचारत न्हाई, वाढनारा इचारत न्हाई, तू खाटेवर पडून का इचारून राहिला?"

तिसऱ्या दिवशी एक डॉक्टरीणबाई आल्या. चाळिशीच्या, बारीक, चष्मा नाकावर. सगळ्यांनी माझा गुडघा दाबला होता. यांनी माझे हात हातात घेऊन उलटेसुलटे बघितले. विळ्याचा वण बघितला.

"मामा, घरी जनावरं आहेत का?"

मी सावध झालो. जनावरं किती ते कळलं की बिल किती लावायचं ते ठरवतील. म्हणालो, "हाय एकदोन."

"कुणी गाभ टाकला का इतक्यात?"

हे यांना कुणी सांगितलं? मी मन्मथकडं बघितलं. त्यानं सगळं सांगून टाकलं, वारेसकट, वडासकट, तांबूच्या गुडघ्यासकट. बाईंनी माझं रक्त घेऊन पुण्याला पाठवलं. निकाल यायला दहा दिवस लागले. ते दहा दिवस मी प्रत्येक बाटलीवरचं नाव वाचत बसलो, माझ्याऐवजी दुसऱ्याचं औषध देतात की काय म्हणून.

निकाल आला त्या दिवशी बाई खाटेच्या कडेला बसल्या. डॉक्टर लोक बसले की भीती वाटते, उभे असतात तोवर ठीक असतं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला तुमच्या गाईचाच आजार झालाय. गाईत तो गर्भात आणि सांध्यात बसतो. माणसात सांध्यात बसतो, पाठीत बसतो. बरा होतो. पण दीड महिना औषध चुकवायचं नाही."

मला सुटल्यासारखं वाटलं आणि राग पण आला. गाईचा आजार? मी काय बैल आहे?

मग त्यांनी कागद पुढं ओढला. "कच्चं दूध पिता?"

"कधीमधी."

"घरात आणखी कोण पितं?"

त्या कागदावर नाव गेलं की सरकार गाय ओढून नेणार. नंदाचं नाव गेलं की तिच्या सासरी बोभाटा होणार, बापाच्या घरी रोग आहे म्हणून. हे सगळं एका दमात माझ्या डोक्यातून गेलं.

"कुनीच न्हाई," मी म्हणालो.

"घरात कुणी गरोदर बाई?"

"न्हाई."

मन्मथ तेव्हा चहा आणायला गेला होता. बाईंनी कागदावर रेघ मारली. "बरं झालं. असती तर मला फार काळजी वाटली असती. हा आजार कधीकधी पोटातल्या बाळापर्यंत जातो." आणि त्या पुढच्या खाटेकडं गेल्या.

भिंत धरून

मी छताकडं बघत पडलो. नंदाला आठवा लागला होता. तीन महिने, दोन वेळा, मोठा पेला, माझ्यासमोर. तिनं नाक दाबून पिताना एकदा माझ्याकडं बघितलं होतं, तर मी म्हणालो होतो, "संपव, माझ्यासाठी न्हाई, पोरासाठी." तेच शब्द माझ्या कानात वाजायला लागले. तांबूचं मेलेलं वासरू डोळ्यांसमोर आलं, ओलं, डोळे मिटलेलं.

बाई आतापर्यंत वॉर्डाच्या बाहेर गेल्या होत्या. मी उठलो. महिनाभर मी एकटा उठलो नव्हतो. खाटेचा गज धरला, मग पुढच्या खाटेचा, मग भिंत. उजवा पाय ओढत होतो. तांबू गोठ्यातून पाण्यावर जायची तशीच माझी चाल झाली होती. सिस्टर ओरडली, "ओ मामा, कुठं निघालात?" मी थांबलो नाही. थांबलो असतो तर परत काहीतरी विचार केला असता.

बाई जिन्यापाशी दिसल्या. मी म्हणालो, "बाई, खोटं बोललो म्या. लेक हाय घरी. आठवा हाय. म्याच पाजलं."

आणि तिथंच खाली बसलो, आधी मागचा भाग, मग धपकन.

त्या मला रागवल्या नाहीत. एवढंच विचारलं, "गाव किती लांब आहे?" मन्मथ चहाची किटली तशीच ठेवून दुपारच्या गाडीला पळाला.

पेल्यातला फेस

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वती आणि नंदा आल्या. नंदा एसटीच्या धक्क्यांनी दमली होती. मला बघून तिला रडू आलं, कारण मी तिला ओळखू येण्यासारखा राहिलो नव्हतो. मला तिच्याकडं बघवेना. मी तिच्या पायांकडं बघत होतो.

बाईंनी तिला स्टुलावर बसवलं. "कच्चं दूध रोज किती प्यायचीस, बाळ?"

नंदानं आईकडं बघितलं. पार्वतीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "बाई, ह्यांना जरा भायर बसवता का?"

माझा जुना किडा लगेच जागा झाला. "जे हाय ते हितंच बोल," मी म्हणालो.

मग ती बोलली. माझ्याकडं न बघता, बाईंकडं बघून बोलली.

"पोरीनं कच्चं दूध एक दिवसबी पेलं न्हाई. पहिल्याच दिवशी वास आला अन् सगळं उलटून पडलं. ते गुरांचे डॉक्टर पण सांगून गेले व्हते उकळाया. ह्यांना सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. म्हून म्या परसात तीन दगडावर उकळायची, माठाच्या बुडाशी ठेवून गार करायची. अन् ह्यांना फेस दिसाया पायजे म्हून उंचावरून धार धरून दोन-तीनदा ह्या पेल्यातून त्या पेल्यात वताची."

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून काय निघावं? "मग ती साय?"

"साय तिच्याच भाकरीवर," पार्वती म्हणाली. "अन् भाऊ आला व्हता तो गोवऱ्या घेऊन. परसातल्या चुलीला लागत व्हत्या."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. त्या हसत होत्या की काय, मला कळलं नाही.

"मला का न्हाई सांगितलंस?" मी विचारलं.

आता ती माझ्याकडं वळली. "तुमचंबी उकळलं व्हतं एक दिवस. लोटा फेकला तुम्ही. अजून पोचा हाय त्याला."

मी रडलो. चारचौघांत, खाटेवर बसून, नाक पुसायलाही सुचेना इतका रडलो. तिच्यावर घेतलेला संशय एका अर्थानं अगदी बरोबर होता. ती मला रोज दोन वेळा फसवत होती. ती फसवत होती म्हणून माझी लेक माझ्यापासून वाचली.

नंदाचं रक्तही पुण्याला गेलं. त्या दिवसांत मी बाटल्यांवरची नावं वाचली नाहीत. पार्वती स्टुलावर बसून राहायची आणि मी तिचा हात धरायचो. सिस्टर आली की सोडायचो. निकाल आला, नंदाच्या रक्तात काही नव्हतं. पार्वतीचंही तपासलं, तेही चांगलं. धार काढून आल्यावर ती चुलीतली राख लावून कोपरापर्यंत हात धुवायची. पाण्याच्या त्या नासाडीवरूनही मी तिला बोललो होतो.

घरी

कॅप्सूल दीड महिना घेतल्या. त्यांच्याबरोबर दूध घ्यायचं नाही असं सिस्टर म्हणाली, तेव्हा हा दवाखाना दुधाच्या मागंच का लागलाय असं एकदा मनात आलंच. पण विचारलं नाही. ताप गेला. कंबर सुटली. गुडघा अजून थंडीत धरतो आणि मला देवळाची पायरी आडवी चढावी लागते.

नंदाला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, आवाज मोठा.

मी गुरांच्या डॉक्टरांना स्वतः जाऊन आणलं. तांबूच्या रक्ताचा निकाल आला, तोच रोग. तिला वेगळं बांधलं, परत फळवली नाही. तिच्या गुडघ्यावरच्या डागांवर मी रोज खोबरेल लावतो. त्या पाच रेघा मीच ओढायला लावल्यात. सांध्याचं दुखणं काय असतं ते मला माहीत नव्हतं तेव्हा ओढायला लावल्यात.

मध्यंतरी एक माणूस तिला मागायला आला. दात बघितले, कास बघितली, चालवून बघितली. मी त्याला सगळं सांगितलं, गुडघा, गाभ, रक्त, माझा दवाखाना. त्याचा चेहरा बदलत गेला. एवढं खरं का सांगतोय, यात याचा काय डाव आहे, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. तो वळून वळून बघत गेला. मला त्याचा राग आला नाही.

ज्यांच्या गोठ्यात गाईनं गाभ टाकला आणि गुडघा सुजलाय, त्यांना मी एवढंच सांगेन की उघड्या हातानं वार काढू नका, ती टांगू नका, खोल पुरा. दूध उकळा. डॉक्टरचा संशय घ्यायचाच असेल तर दूध उकळता उकळता घ्या. आणि दवाखान्यात घरातल्या बाईविषयी विचारलेल्या प्रश्नांना घरातल्या बाईलाच उत्तर देऊ द्या.

मन्मथनं गाळ काढून विहीर खोल केली. एकट्यानं, माझ्या वाटणीचीसुद्धा. मी त्याला अजून तोंडानं काही बोललो नाही. तंबाखू मात्र आता मळून देतो.

संध्याकाळी पार्वती मला दूध देते, त्याच पोचा आलेल्या लोट्यातून. नवा आणलेला तिनं फडताळात ठेवून दिलाय. मी लोटा हातात घेतो आणि सवयीनं आधी बोट बुडवून बघतो. ती उंबऱ्यात उभी राहून बघत असते. बोटाला चटका बसतो आणि मग मी पितो.